रिसेट केलं की गाडी पळते, थोड्या दिवसांनी पुन्हा मरगळते: इग्निशन टायमिंग कशामुळे मागे जातंय ते असं शोधा

तक्रार साधारण अशी असते. गाडीला पिकअप राहिलेला नाही, चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, मग आवाज थांबतो पण गाडी ओढायचीच बंद होते, ॲव्हरेज पडलेलं असतं, आणि चेक इंजिनची लाइट मात्र बऱ्याचदा लागलेलीच नसते. मग कोणीतरी बॅटरीची तार काढून ठेवतं नाहीतर स्कॅनर लावून ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, लर्निंग पुसतं आणि गाडी एकदम मोकळी होते. सगळे खूश. आणि मग हळूहळू, एखादी टाकी पेट्रोल संपेपर्यंत, पुन्हा तेच. परत रिसेट, परत थोडे दिवस बरं, परत तेच.

या टप्प्यावर बरेच जण म्हणतात की ईसीयूच खराब झालाय, बदला. थांबा. रिसेटने गाडी बरी होते आणि मग परत बिघडते, याचा अर्थ बहुतेक वेळा ईसीयू त्याचं काम चोख करतोय. त्याला इंजिनात नॉकिंग, म्हणजे मिक्श्चर आपोआप भडकल्यावर येणारी ती खडखड, ऐकू येतंय, खरं असो की खोटं, आणि म्हणून तो स्पार्क उशिरा देतोय, आणि हे वारंवार झालं की तेवढी माघार तो लक्षात ठेवतो. रिसेट केल्यावर तुम्ही फक्त ती आठवण पुसता. नॉकिंगचं कारण तिथेच असतं, त्यामुळे तो पुन्हा ऐकतो, पुन्हा शिकतो, पुन्हा मागे येतो. आपल्याला शोधायचंय ते एवढंच की त्याने काय ऐकलं.

आधी टायमिंग म्हणजे नेमकं काय चाललेलं असतं ते डोक्यात बसवून घ्या, कारण त्याशिवाय स्कॅनरवरच्या आकड्यांना काही अर्थ नाही. पेट्रोल आणि हवेचं मिक्श्चर एका क्षणात पेटत नाही, स्पार्क पडल्यापासून ते चांगलं जळायला ढोबळमानाने 2 मिलिसेकंद लागतात असं धरा. आणि सिलिंडरमधलं सगळ्यात जास्त प्रेशर पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीला, पोचून साधारण 10 ते 16 डिग्री खाली उतरायला लागला की यायला हवं, तेव्हा त्या प्रेशरचा क्रँकला सगळ्यात जास्त फायदा मिळतो. म्हणून स्पार्क टीडीसीच्या आधीच द्यावा लागतो. आता 1500 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 9 डिग्री फिरतो, 4500 ला 27 डिग्री. आरपीएम वाढला तसा स्पार्क आणखी आधी द्यायचा, हा झाला ॲडव्हान्स. अर्थात सरळ गुणाकार केला तर 4500 ला 54 डिग्री वगैरे येईल, तेवढं लागत नाही, कारण आरपीएम वाढला की सिलिंडरमध्ये हवेची घुसळण पण वाढते आणि जळणं वेगाने होतं.

लोडचा हिशोब उलटा असतो आणि इथेच लोक गोंधळतात. हलका पाय असताना सिलिंडरमध्ये मिक्श्चर कमी आणि विरळ असतं, हळू जळतं, म्हणून ॲडव्हान्स भरपूर लागतो, मोकळ्या रस्त्यावर एका स्पीडला 25 ते 40 डिग्री दिसले तरी दचकू नका. पूर्ण दाबलं की मिक्श्चर ठासून भरलेलं असतं, पटकन जळतं आणि नॉक व्हायची भीती असते, तेव्हा तोच आकडा खाली येतो, टर्बो गाडीत कमी आरपीएम आणि जड लोडला तर शून्याच्या आसपाससुद्धा. जुन्या गाड्यांमध्ये हेच काम डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि व्हॅक्यूमचा डबा करायचा. आता ईसीयूच्या मेमरीत आरपीएम आणि लोडचा एक तक्ता असतो, त्यातून मूळ आकडा निघतो, मग कूलंटचं टेंपरेचर, आत येणाऱ्या हवेचं टेंपरेचर, गिअर बदलतोय का, थंड इंजिनात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायचाय का, अशा सगळ्या गोष्टींची त्यात बेरीज वजाबाकी होते. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पहिला थोडा वेळ टायमिंग शून्यावर किंवा त्याच्याही खाली दिसलं तर तो बिघाड नाही, ईसीयू मुद्दाम स्पार्क उशिरा देऊन गरम धूर कन्व्हर्टरकडे पाठवत असतो. आयडलला आकडा सारखा दोन चार डिग्री मागेपुढे नाचत असतो, तेही बरोबर आहे, आयडल स्थिर ठेवायला थ्रॉटलपेक्षा स्पार्क लवकर हातात येतो.

आणि हे सगळं झाल्यावर शेवटचा शब्द नॉक सेन्सरचा.

नॉक सेन्सर म्हणजे इंजिन ब्लॉकला बोल्टने घट्ट बसवलेला एक पिझो क्रिस्टल. ब्लॉक थरथरला की तो व्होल्टेज देतो. नॉकिंगची थरथर बहुतेक कार इंजिनांत 5 ते 8 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते, सिलिंडरचा बोअर जेवढा मोठा तेवढी फ्रिक्वेन्सी कमी. ईसीयू सतत कान लावून बसत नाही, प्रत्येक सिलिंडरमध्ये स्पार्क पडून गेल्यावर टीडीसीनंतरच्या ठराविक डिग्रीतच ऐकतो, त्यामुळे कोणत्या सिलिंडरने आवाज केला तेही त्याला कळतं. आवाज मर्यादेबाहेर गेला की त्या सिलिंडरचा स्पार्क काही डिग्री पटकन मागे, आणि मग शांतता असेल तर अगदी बारीक बारीक पायऱ्यांनी परत पुढे. मागे जाणं झटकन, पुढे येणं सावकाश. तुम्हाला जी मरगळ जाणवते ती ही.

आता तपासायला घेऊ. ब्लूटूथवर चालणारा, गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचा साधा ओबीडी स्कॅनर असला तरी बरंच काम होतं कारण टायमिंग ॲडव्हान्स हा आकडा स्टँडर्ड डेटात असतो, त्याच्याबरोबर आरपीएम, लोड, कूलंट टेंपरेचर, इनटेक हवेचं टेंपरेचर, आणि दोन्ही फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये टक्क्यांनी करत असलेली वाढ-घट, शॉर्ट म्हणजे क्षणाची, लाँग म्हणजे शिकलेली) लावून ठेवा आणि रेकॉर्ड करा. गाडी चालवताना स्क्रीनकडे बघू नका, शेजारी कोणीतरी बसवा. कंपनीच्या प्रोटोकॉलवर चालणारा स्कॅनर मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण त्यात नॉक रिटार्ड, म्हणजे नॉकमुळे स्पार्क किती डिग्री मागे घेतला ते, सिलिंडरनुसार वेगळा दिसतो आणि निम्मं निदान तिथेच होतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, स्क्रीनवर दिसणारं टायमिंग हा ईसीयूने दिलेला हुकूम आहे, मोजलेली गोष्ट नाही. ईसीयू म्हणतो 20 डिग्री, पण क्रँकची जागाच त्याला चुकीची कळत असेल तर स्पार्क 26 ला पडेल आणि स्क्रीनवर 20 च दिसेल. याबद्दल खाली लिहितो.

पहिली टेस्ट मी नेहमी आवाजाची करतो, खरं नॉक की खोटं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून आरपीएम हळूहळू 3000 च्या पुढे न्या. आवाज तिथेही येत असेल तर ते बहुतेक नॉकिंग नाही, नॉकिंगला लोड लागतो. सायलेन्सरवरचं सैल झालेलं पत्र्याचं कव्हर, ढिली ब्रॅकेट, टॅपेट, चेन टेन्शनर, वॉटर पंपाचं बेअरिंग, काहीही असू शकतं, आणि त्यातली काही खडखड ब्लॉकमधून सेन्सरपर्यंत पोचते आणि ईसीयू बिचारा तिलाच नॉक समजून मागे येतो. दुसरी टेस्ट ऑक्टेनची. टाकी जवळजवळ रिकामी असताना जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा, म्हणजे नेहमी 91 भरत असाल तर 95 किंवा वरचं, आणि ईसीयूला शिकायला थोडा वेळ देऊन तोच रस्ता, तोच गिअर, तोच आरपीएम, तेवढाच पाय ठेवून परत रेकॉर्डिंग करा. टायमिंग चार पाच डिग्री वर आलं तर नॉक खरं होतं, कारण जास्त ऑक्टेनचं पेट्रोल आपोआप पेटायला जास्त विरोध करतं. काहीच फरक पडला नाही तर ईसीयूला बहुतेक दुसराच आवाज ऐकू येतोय, किंवा सेन्सरच्या सर्किटमध्ये लफडं आहे, सैल पत्र्याला ऑक्टेनशी काय देणंघेणं. ही टेस्ट स्वस्त आहे आणि कुठलाही पार्ट बदलायच्या आधी करावी असं माझं ठाम मत आहे.

नॉक खरं निघालं तर पुढचा प्रश्न, एका सिलिंडरमध्ये की सगळ्यांत. सगळ्यांत सारखं असेल तर सगळ्यांना मिळून जे लागतं तिकडे बघा, पेट्रोल, कूलिंग, आत येणारी हवा, मिक्श्चर. कूलंट सेन्सर तपासायचा सोपा उपाय आहे, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी इंजिन चालू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि कूलंट आणि इनटेक हवा दोन्ही टेंपरेचर बघा, जवळजवळ सारखी हवीत. एक 24 आणि दुसरं 9 दाखवत असेल तर खोटं कोण बोलतंय ते बाहेरच्या हवेवरून कळतंच. या सेन्सरचा रेझिस्टन्स गरम झाल्यावर कमी होतो, त्यामुळे कपलरच्या पिनांवर गंज चढून थोडा रेझिस्टन्स वाढला की ईसीयूला इंजिन आहे त्यापेक्षा थंड वाटतं, तो जास्तीच्या गरमीची टायमिंग माघार घेतच नाही, आणि मग नॉक होऊन नॉक सेन्सरमुळे ती माघार घ्यावी लागते. बिघाडाचा कोड येत नाही कारण रीडिंग चुकीचं असलं तरी शक्यतेच्या आतलं असतं. असे अर्धवट खोटे बोलणारे सेन्सर पूर्ण मेलेल्या सेन्सरपेक्षा जास्त छळतात.

मिक्श्चर लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आहे का ते फ्युएल ट्रिमवर कळतं, शॉर्ट आणि लाँग मिळून 10 टक्क्यांच्या वर प्लसमध्ये असेल तर कुठेतरी मोजणीशिवाय हवा आत जातेय नाहीतर पेट्रोल कमी पडतंय. पण ट्रिम आयडलला छान आणि तरी जड लोडला नॉक, असं असेल तर फ्युएल प्रेशर लोडवर मोजा, थकलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर आयडलला पकडीत येत नाही. एक कमी लक्षात येणारी केस ईजीआरची, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हची. ज्या इंजिनाचा तक्ता ईजीआरचा धूर आत येणार असं धरून लिहिलेला आहे तिथे ईजीआर तुंबला किंवा कोणी मुद्दाम बंद केला, की पूर्ण दाबल्यावर काही होत नाही पण मध्यम पायावर, एका स्पीडला चालताना टिणटिण येते. म्हणजे आवाज कधी येतो हीच मोठी खूण आहे, ती नीट लिहून ठेवा, "कधी कधी येतो" असं मेकॅनिकला सांगून काही उपयोग नाही.

एकाच सिलिंडरचा रिटार्ड जास्त असेल तर ट्रिम तुम्हाला फसवेल. ऑक्सिजन सेन्सर सगळ्या सिलिंडरांचा एकत्र धूर बघतो, त्यामुळे चारातला एक इंजेक्टर अर्धवट तुंबून तो सिलिंडर चांगलाच लीन झाला तरी सरासरीत ट्रिम थोडाच हलतो. त्या सिलिंडरचा प्लग काढा आणि पोर्सेलीनवर चांगल्या उजेडात बघा, भिंग असेल तर भिंगातून. मिऱ्याच्या पुडीएवढे काळे ठिपके किंवा बारीक चकचकीत ॲल्युमिनियमचे कण दिसले तर नॉक खरं आहे आणि बरंच पुढे गेलंय, ते कण पिस्टनचे आहेत. ओलसर काळा थर असेल तर ऑइल येतंय, रिंगमधून, व्हॉल्व्ह सीलमधून किंवा पीसीव्हीच्या (इंजिनाच्या तळातली वाफ इनटेककडे नेणाऱ्या) नळीतून, आणि ऑइलची वाफ मिक्श्चरची नॉक सहन करायची ताकद कमी करते. प्लगच्या भोकातून बोरस्कोप, म्हणजे नळीवरचा छोटा कॅमेरा, घातला तर पिस्टनवर कार्बनचा थर किती आहे तेही दिसतं. जाड कार्बन जागा खातो, कॉम्प्रेशन वाढवतो आणि तापून राहतो, नुसत्या कार्बननेच जुन्या इंजिनाचं टायमिंग पार मागे गेलेलं असतं. आणि प्लग बदलताना फक्त आटे जुळले म्हणून लावू नका, हीट रेंज, म्हणजे प्लग किती गरमी बाहेर टाकतो ते, मॅन्युअलप्रमाणेच हवी.

आता खोट्या नॉकची आणि सेन्सरची बाजू. हा सेन्सर बरेचदा इनटेक मॅनिफोल्डच्या खाली असतो, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या कामासाठी मॅनिफोल्ड उघडलं की त्यालाही हात लागतो, आणि तक्रार नेमकी त्यानंतर सुरू होते. डोनटच्या आकाराचा जो सेन्सर असतो त्याच्या बोल्टचा टॉर्क बहुतेक गाड्यांत 20 न्यूटन मीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि टॉर्क रेंचनेच आवळा. सैल राहिला तर त्याला ऐकू येत नाही, जास्त आवळला तर क्रिस्टलवर ताण येऊन तो वेगळंच ऐकतो नाहीतर तडकतो. खाली वॉशर घालायचा नाही, रंग नको, गॅस्केटचा जुना थर नको, ग्रीस नको, सेन्सरचा धातू आणि ब्लॉकचा घासून साफ केलेला धातू थेट एकमेकांना टेकले पाहिजेत. बोटाच्या नखाने त्या जागेवर एक फेरी मारा, अडकलं तर तो थर आहे. मल्टिमीटरने सेन्सरचा रेझिस्टन्स मोजून "ओके" म्हणणाऱ्यांवर विसंबू नका, अनेक सेन्सरांचा रेझिस्टन्स मेगाओममध्ये असतो आणि बरोबर आला तरी तो नीट ऐकतोय असं सिद्ध होत नाही. ऑसिलोस्कोप लावून सेन्सरजवळ ब्लॉकवर छोट्या हातोडीने हलके ठोके द्या, सिग्नल उठला पाहिजे. वायर शील्डेड असते, शील्डचं अर्थिंग गेलं की शेजारच्या कॉइलचा आवाज त्यात शिरतो आणि ईसीयूला नॉकचा भास होतो. वायरिंग दुरुस्त करताना साधी वायर जोडून दिलेली असेल तर पहिला संशय तिथेच.

सर्किटच तुटलं असेल तर P0325 सारखा कोड येतो, आणि तेव्हा बहुतेक गाड्यांत ईसीयू कान नाही म्हणून सुरक्षित, मागे खेचलेल्या टायमिंगवर गाडी चालवतो. आवाज नाही, पिकअपही नाही. म्हणून कोणी सांगितलं की नॉक सेन्सरचा कपलर काढून टाका किंवा त्याच्या जागी रेझिस्टर लावून ईसीयूला गप्प करा, तर कृपा करून ते करू नका. कपलर काढला तर गाडी आणखी सुस्त होईल, आणि रेझिस्टरने फसवलं तर खरं नॉक चालू राहून पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात, आणि मग इंजिन उघडावंच लागतं. तो सेन्सर तुमचं इंजिन वाचवतोय.

राहिला क्रँकचा मामला. ईसीयूला पिस्टन कुठे आहे ते कळतं क्रँकवरच्या दातांच्या चाकावरून, अनेक गाड्यांत 60 दातांची जागा आणि त्यातले 2 गायब असा प्रकार असतो, म्हणजे एक दात 6 डिग्रीचा आणि गाळलेल्या जागेवरून सुरुवात कुठे ते ओळखायचं. हे चाक जर क्रँक पुलीच्या बाहेरच्या रिंगवर असेल आणि पुलीतलं रबर सुटून ती रिंग सरकली असेल तर ईसीयूचा सगळा हिशोब तेवढ्या डिग्रीने चुकतो आणि त्याला पत्ताही नसतो. अशा वेळी टायमिंग लाइट (प्रत्येक स्पार्कबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लागते, पण नीट ऐका, त्याच पुलीच्या सरकलेल्या रिंगवरची खूण बघितली तर ती पण चाकाबरोबर सरकलेली असणार आणि सगळं बरोबर दिसणार. आधी पहिल्या सिलिंडरचा खरा टीडीसी प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉपने (भोकात बसवून पिस्टन अडवणाऱ्या साधनाने) शोधा आणि मग खूण जुळते का बघा. सेन्सरच्या चुंबकाला चिकटलेला लोखंडी भुगा, सेन्सर आणि दातांमधलं वाढलेलं अंतर, दोन वायरींच्या सेन्सरच्या उलट जोडलेल्या वायरी, हेही याच कुटुंबातले बिघाड.

टायमिंग बेल्ट किंवा चेनबद्दल एक गैरसमज जाता जाता. क्रँकवरून स्पार्क ठरणाऱ्या इंजिनात बेल्ट एक दात चुकला तरी स्पार्कचं टायमिंग हलत नाही, हलतं ते व्हॉल्व्हचं. क्रँकचा स्प्रॉकेट 20 दातांचा असेल तर एक दात म्हणजे 18 डिग्री, कॉम्प्रेशन आणि लोडचं सगळं गणित बदलतं, क्रँक आणि कॅम जुळत नसल्याचा P0016 कोड येऊ शकतो, आणि गाडी इतकी सुस्त होते की सगळे इग्निशनच्या मागे लागतात. लांबलेल्या चेनमध्ये हेच कमी प्रमाणात आणि बिनकोडचं होतं.

मिसफायर आणि रिटार्ड यांची गल्लत पण खूप होते. धक्के मारत असेल, झटके देत असेल तर ते बहुधा मिसफायर, तिथे प्लगचा गॅप, कॉइल आणि व्होल्टेज बघा, कॉइल भरायला जे दोन चार मिलिसेकंद लागतात ते बॅटरी व्होल्टेजवर अवलंबून असतात आणि चार्जिंग 13.5 च्या खाली लोळत असेल तर स्पार्कही अशक्त. टायमिंग मागे गेलेली गाडी धक्के देत नाही, ती फक्त जड होते आणि सायलेन्सर जास्त तापतो, कारण जळणं उशिरा संपतं आणि गरमी बाहेर जाते.

कारण सापडून दुरुस्ती झाली की आता रिसेट करा, आधी नाही. मग वेगवेगळ्या लोडवर नीट चालवा आणि पहिल्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा. रिसेटनंतर लगेच आलेला चांगला आकडा पुरावा धरू नका, तो तर आधीही येत होता, दोन टाक्या पेट्रोल जाऊ द्या आणि मग त्याच आरपीएमला त्याच लोडला आकडा टिकलाय का ते बघा.

टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण तुमच्याकडे एक प्रकार असा आहे ज्यात ईसीयूचं काही चालत नाही. कमी आरपीएमला जड लोडवर टिणटिण न येता एकदम एकच मोठा ठोका बसला, तर मिक्श्चर स्पार्कच्याही आधी स्वतःच पेटलंय, याला एलएसपीआय (लो स्पीड प्री-इग्निशन) म्हणतात. स्पार्क पडायच्या आधीच आग लागली तर स्पार्क मागे घेऊन काय उपयोग, ठोका थांबत नाही, आणि एका ठोक्यातही पिस्टन फुटू शकतो. यात ऑइलचा मोठा हात असतो, जास्त कॅल्शियमच्या डिटर्जंटचं ऑइल हे वाढवतं, म्हणूनच 2018 मध्ये एपीआयने (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने) एसएन प्लस हे ग्रेड आणलं. डब्यावर एसएन प्लस किंवा एसपी आहे का आणि मॅन्युअलला चालतं का ते बघून ऑइल बदला, आणि तोवर 1500 आरपीएमला वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नका, एक गिअर खाली घ्या.